एमपी-४०: चाप सोडला तरी बंदूक थांबेना! गोळ्या आणि देखभाल, सल्ला हवा

ओहायोकर

मंडळी, विषय आडवाटेचा आहे, पण इथे फौजेतले आणि नेमबाजीतले लोक आहेत हे माहीत आहे म्हणून विचारतो.

आमच्याकडून दीड मैलावर (इथे यालाच शेजार म्हणतात) अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक आजोबा राहतात. त्यांचे वडील १९४५ साली युद्धावरून परतले तेव्हा किटबॅगेत एक जर्मन एमपी-४० (दुसऱ्या महायुद्धातली सबमशीनगन) घेऊन आले. १९६८ साली अमेरिकन सरकारने महिनाभराची माफी जाहीर केली होती, तेव्हा त्यांनी ती रीतसर नोंदवली. तो पिवळा पडलेला फॉर्म ४४६७ आजोबांनी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून जपलाय. बंदुकीपेक्षा जास्त जपलाय म्हणा ना. तो कागद नसेल तर ही वस्तू म्हणजे सरळ तुरुंग.

आजोबांची बोटं संधिवाताने वाकली आहेत, म्हणून खोलणं-पुसणं यासाठी मला बोलावतात. मी मेकॅनिकल इंजिनीअर, मूळचा इचलकरंजीचा, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेला. त्यामुळे यंत्र दिसलं की हात शिवशिवतात.

गेल्या शनिवारी त्यांच्या शेतावर मातीच्या बांधासमोर चालवली. दुकानात मिळणाऱ्या सगळ्यात स्वस्त, ११५ ग्रेन वजनाच्या गोळ्या होत्या. पहिलं मॅगझिन अडखळत गेलं. दुसऱ्यात मी तीन गोळ्यांचा झटका दिला, चाप सोडला, आणि बंदूक चालूच. आणखी चार गोळ्या आपल्या आपण सुटल्या, मग बोल्ट (आत मागेपुढे सरकणारा पोलादी ठोकळा) बंद होऊन अडकला. मी नळी बांधाकडे धरून ठेवली, त्यामुळे काही झालं नाही. पण घाम फुटला.

आजोबा म्हणाले, "गोळ्या बदल." त्यांचा नातू म्हणतो, "बंदूकच म्हातारी झाली." तुमचं काय मत?

रिकामटेकडा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सुभेदार_निवृत्त

ओहायोकर, आधी एक सांगा. चाप सोडल्यावर बोल्ट मागे अडकलाच नाही, की अडकून निसटला? दोन्हीची कारणं वेगळी.

आम्ही कार्बाइन वापरली, १ए१, कानपूरची. म्हणजे ब्रिटिश स्टर्लिंगचीच बहीण. तीही ओपन बोल्ट. कॉक केलं की बोल्ट मागे राहतो, चाप ओढला की स्प्रिंगच्या जोराने पुढे धावतो, मॅगझिनमधला राउंड (काडतूस) ढकलत चेंबरमध्ये नेतो आणि फोडतो. मग पुंगळीच्या (काडतुसाच्या रिकाम्या नळीच्या) धक्क्याने मागे येतो. चाप सोडलेला असेल तर खाली सिअर (बोल्ट अडवणारी कळ) वाट बघत उभा असतो, तो बोल्टच्या खाचेत अडकतो आणि खेळ थांबतो.

आता राउंड कमजोर असला तर काय होतं बघा. बोल्ट मागे येतो, पण पुरता येत नाही. पुंगळी बाहेर फेकण्याइतका येतो, पुढचा राउंड उचलण्याइतका येतो, पण सिअरच्या खाचेपर्यंत पोचत नाही. मग स्प्रिंग त्याला परत पुढे ढकलते. पुढे गेला की राउंड फुटणारच, कारण फायरिंग पिनला वेगळा हुकूम लागत नाही. चाप तुमच्या हातात असून नसल्यासारखा. आमचे उस्ताद म्हणायचे, "बैल दावणीपर्यंत आलाच नाही तर दावं काय गळ्यात पडणार?"

नळी समोर धरून ठेवलीत हे शंभर नंबरी केलंत. घाबरून वळणारे आणि मागे उभ्या असलेल्याला "हे बघ काय झालं" म्हणून दाखवणारे मी पाहिले आहेत.

कोथरूडची_मावशी

माफ करा, पण मशीनगन घरात ठेवणं आणि हौसेने चालवणं हे मला झेपत नाही. भारतात परवानगी आहे का याला?

सुभेदार_निवृत्त

मावशी, अजिबात नाही. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे ऑटोमॅटिक हत्यार सामान्य नागरिकाला वर्ज्य. आपल्याकडे हे बघायचं तर काचेमागे, संग्रहालयात. चर्चा अमेरिकेतल्या नोंदलेल्या हत्याराची चाललीय.

टेक्सासवाला_अण्णा

इथेही मोकळं रान नाही. १९३४ चा कायदा आहे, त्यात मशीनगनची केंद्र सरकारकडे नोंद, बोटांचे ठसे, दोनशे डॉलर कर. १९ मे १९८६ नंतर नागरिकांसाठी नवीन मशीनगनची नोंद कायमची बंद झाली. म्हणजे जेवढ्या आहेत तेवढ्याच फिरत राहतात. नोंदलेल्या एमपी-४० ला आज चांगल्या मोटारीची किंमत पडते. म्हणून तर ती चालवताना जीव मुठीत धरायचा: स्वतःचा, आणि बंदुकीचाही.

ओहायोकर, एक सूचना. आजोबा शेजारी नसताना ती तुमच्या ताब्यात असता कामा नये. "दोन दिवस घरी नेऊन साफ करून आणतो" हा प्रकार इथे गुन्हा आहे. आणि इतर वाचकांसाठी: एच-वन व्हिसावर असाल तर कुठल्याही बंदुकीला हात लावण्याआधी नियम वाचा. ग्रीन कार्डवाल्याला जे चालतं ते तुम्हाला चालेलच असं नाही.

ओहायोकर

अण्णा, माहीत आहे. सगळं काम त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, ते समोर कॉफी पीत बसलेले असतानाच होतं. मी ग्रीन कार्डवर आहे.

सुभेदारसाहेब, बोल्ट मागे अडकलाच नाही असं वाटतंय. आणि पुंगळ्याही लांब उडत नव्हत्या, पायाशीच पडत होत्या.

सुभेदार_निवृत्त

पायाशी पडत होत्या ना? मग निदान झालं. जोर कमी पडतोय. आता तो गोळीत कमी आहे, की बंदुकीत कुठे खाल्ला जातोय, ते शोधा.

टेक्सासवाला_अण्णा

माझ्याकडे स्वतःची नाही, पण क्लबातल्या एका गृहस्थांची मी सहा-सात वर्षं चालवतोय. गोळ्यांबद्दल सांगतो.

११५ ग्रेन म्हणजे ७.४५ ग्रॅम, १२४ ग्रेन म्हणजे ८ ग्रॅमला किंचित जास्त. युद्धाआधीची जर्मन शिशाच्या गाभ्याची गोळी ८ ग्रॅमचीच होती, त्यामुळे १२४ ही घरची सून समजा. आता हिशेब करा. बोल्टला मागे ढकलतो तो गोळीचा संवेग, म्हणजे वजन (किलोत) गुणिले वेग. साधी ११५ सेकंदाला ३५५ मीटरने गेली तर २.६४. साधी १२४ जरा हळू, ३४५ ने, तर २.७७. नाटो दर्जाची १२४, ३६० च्या आसपास, तर २.९. पाच-दहा टक्क्यांचा फरक. ऐकायला किरकोळ, पण बोल्ट सिअरच्या काठावर येऊन परत फिरत असेल तर तेवढाच फरक निकाल लावतो. आणि स्वस्त सरावाच्या ११५ मधल्या काही तर छापलेल्या वेगापेक्षाही मऊ निघतात.

मी रोजच्या वापराला साधी १२४ ग्रेन, पूर्ण धातूच्या कवचाची, गोल नाकाची, पितळी पुंगळीची घेतो. पोकळ टोकाची नको. या बंदुकीचा चेंबरकडे नेणारा उतार गोल नाकासाठी बनलाय, पोकळ टोक त्यावर अडकतं. प्लस पी वगैरे जादा दाबाची तर नकोच. "जर्मन लोक मशीन-पिस्तूलसाठी खास तिखट गोळ्या बनवायचे" ही दंतकथा जुनी आहे, तिच्या नादी लागून लोकांनी ऐंशी वर्षांच्या पोलादाचे हाल केलेत. अॅल्युमिनियमची पुंगळी नको. पोलादी पुंगळीने लगेच बंदूक मरत नाही, पण एक्स्ट्रॅक्टरचा (पुंगळी ओढून काढणारा) आकडा लवकर झिजतो, आणि तो मूळ नंबरचा असेल तर झीज महागात पडते.

घरी भरलेल्या गोळ्या स्वतः भरल्या असतील तरच, तेही दहा वेळा तपासून. कारण एका गोळीत दारू राहून गेली आणि गोळी नळीत अर्ध्यावर अडकली, तर मिनिटाला पाचशेच्या वेगाने पुढची गोळी तिच्या पाठीवर येते. नळी फुगलेली मी बघितली आहे. साप उंदीर गिळून बसतो ना, तशी दिसते.

गणिताचा_मास्तर

अवांतर: ग्रेन हे माप परकं वाटतं, पण आपला इंग्रजी अमदानीतला तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता. म्हणजे १२४ ग्रेनची गोळी पाऊण तोळ्याला जरा कमी. आता सोनाराच्या दुकानात गेलो की एमपी-४० आठवणार.

कोथरूडची_मावशी

मास्तर 😀 सोन्याच्या आजच्या भावात एक झटका काढून दाखवा.

इतिहासवेडा

तांत्रिक बाबतीत मी शून्य, पण एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो, कारण कुणीतरी "श्मायसर" म्हणणारच. ही ह्यूगो श्मायसरने बनवली नाही. रचना एर्फुर्टच्या एर्मा कारखान्याची, हाइनरिश फोल्मर या रचनाकाराच्या कामावर आधारलेली. श्मायसरचं पेटंट मॅगझिनवर होतं आणि तसा शिक्का मॅगझिनवर असायचा. दोस्त सैनिकांनी तेच नाव बंदुकीला चिकटवलं. ओहायोकर, तुमच्या बंदुकीवर कारखान्याचा कुठला संकेत आहे? एवायएफ असेल तर एर्मा, एफएक्सओ असेल तर झूल शहरातला हेनेल, बीएनझेड असेल तर ऑस्ट्रियातला स्टायर.

आणि मराठी संबंध म्हणाल तर इटलीच्या आघाडीवर आपली मराठा पलटण या बंदुकांसमोर उभी होती. नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, अप्पर टायबर खोरं. त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात आहे की जर्मन मशीनगनच्या मोर्चावर ते एकटे चालून गेले, ग्रेनेड टाकला, टॉमीगनने एकाला टिपलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. माणगावला त्यांचा पुतळा आहे.

ओहायोकर

इतिहासवेडा, बीएनझेड आहे! आणि घाडग्यांबद्दल वाचून आजोबांना इंग्रजीत सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, माझे वडीलही इटलीतच होते आधी.

आता कामाचं. रविवारी खोलली. मॅगझिन बाहेर, चेंबरमध्ये बोटाने आणि टॉर्चने दोनदा खात्री. बोल्ट पुढे जाऊ दिला. मग खालचं बटण ओढून फिरवलं, चाप दाबून धरला, मागचा भाग पिळून वेगळा केला. स्प्रिंग एका घडीच्या नळीत असते, जुन्या दुर्बिणीसारखी एकात एक सरकणारी, आणि तिच्या टोकालाच फायरिंग पिन. धूळ आत जाऊ नये म्हणून केलेली ही रचना मला फार आवडली. पण धूळ जात नाही म्हणजे आतलं काही बाहेरही येत नाही! आत जुनं ग्रीस होतं, वाळून काकवीसारखं झालेलं. घडी दाबली की परत यायला तिला अंमळ वेळ लागायचा. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवली, सकाळी फडक्यावर जे उतरलं ते वासासकट आमच्या गिरणीच्या खात्याची आठवण करून देणारं होतं.

आणि दुसरा शोध. नातवाने मागच्या वर्षी आंतरजालावरून "जादा ताकदीची" नवीन स्प्रिंग आणून बसवली होती, मला कुणी सांगितलंच नाही. जुनी स्प्रिंग खोक्यात सापडली. शेजारी ठेवली तर नवीन दोन बोटं लांब.

सुभेदार_निवृत्त

घ्या! स्प्रिंग कडक, ग्रीस घट्ट, राउंड मऊ. तिघांनी मिळून बोल्टला अर्ध्या वाटेवर धरला. यातला एकटा कुणी असता तर कदाचित बंदुकीने तक्रार केली नसती.

पण जुनी स्प्रिंग बसवतानाही डोळे मिटून बसवू नका. फार थकलेली असेल तर उलटा रोग: बोल्ट मागे जाऊन आपटतो, आणि पिचकतं ते मागचं सगळं. नेहमीच्या ताकदीची नवी मिळाली तर उत्तम.

एक परीक्षा सांगतो. स्प्रिंग न घालता नुसता बोल्ट नळकांड्यात सोडा आणि नळकांडं तिरकं करा. आपल्या वजनाने सुळकन सरकला पाहिजे. कुठे अडखळला तर तिथे नळकांड्याला पोचा आहे. हिच्या पत्र्याला टेबलावरून पडल्याचेही पोचे येतात. आणि बोल्टची खाच नि सिअरची धार नखाने चाचपा. गोलावलेली असेल तर चाप सोडणं आणि न सोडणं सारखंच. तिथे कानस लावू नका, जाणत्याकडे द्या.

टेक्सासवाला_अण्णा

पिनचं टोकही बघा, गुळगुळीत गोल पाहिजे. तुटकं असेल तर प्रायमरला (काडतुसाच्या बुडाच्या टोपीला) भोक पडून गॅस मागे येतो. आणि एक्स्ट्रॅक्टर.

शिवाय, बोल्टवरचा नंबर बंदुकीशी जुळतोय का? जुळत असेल तर तो काढून कापडात गुंडाळून ठेवा आणि चालवायला दुसरा जुना बोल्ट घ्या. मूळ भाग तुटला तर किंमत घसरते, आणि तो परत मिळत नाही.

खडकीकर

मी शस्त्रांतली नाही, पण वडिलांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झाली, म्हणून घरात हे शब्द ऐकले आहेत. तिथल्या काडतुसांच्या बुडावर "केएफ" शिक्का असतो. अमेरिकेतल्या संग्राहकांकडे ती दिसतात असं ऐकलंय.

ओहायोकर, त्या आजोबांकडे युद्धाच्या वेळची काडतुसंही आहेत का? ती वापरू नका एवढंच सांगायचं होतं. वडील सांगायचे, जुन्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. फुटलं की मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. ते हवेतलं पाणी ओढतं आणि नळी आतून गंजवते. कोकणात उघड्यावर ठेवलेल्या मिठाच्या बरणीला जे होतं तेच. आणि मीठ तेलात विरघळत नाही. नुसतं तेल लावून "साफ केली" म्हणणारा दुसऱ्या दिवशी तांबडं बघतो. आधी गरम पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल.

ओहायोकर

खडकीकर ताई, बरोबर ओळखलंत. दोन डब्या आहेत. राखी-हिरवट लाखेच्या पोलादी पुंगळ्या आणि गोळीचं टोक काळं.

टेक्सासवाला_अण्णा

काळं टोक म्हणजे लोखंडी गाभ्याची, शिसं वाचवायला काढलेली. वजन ६.४ ग्रॅम. चुंबकाला चिकटेल. त्या डब्या संग्राहकाला विका नाहीतर काचेत ठेवा. चालवल्यात तर न फुटणाऱ्या निघतील किंवा उशिरा फुटतील. ओपन बोल्टमध्ये "टक" झालं आणि काही सुटलं नाही, तर लगेच बोल्ट ओढून बघायचा मोह होतो. तो आवरा. नळी समोर धरून अर्धा मिनिट मोजा. बोल्ट उघडा असताना मागाहून फुटलं तर पुंगळीचे तुकडे तोंडावर.

रिकामटेकडा

पॉपकॉर्न संपलं. पण मॅगझिनबद्दल कुणी बोललंच नाही? चित्रांत सगळे जर्मन ते धरूनच उभे असतात.

सुभेदार_निवृत्त

रिकामटेकडे राव, नाव बदला तुम्ही. मुद्दा बरोबर आहे.

या बंदुकीचं खरं दुखणं मॅगझिन. ३२ राउंड दोन रांगांत, पण तोंडाशी दोन्ही रांगा एकात येतात. दोन लेनचा रस्ता पुलावर एक लेनचा होतो तसा. जरा माती, जरा वाकलेला ओठ (मॅगझिनच्या तोंडाची कड), की चक्का जाम. इंग्रजांच्या स्टेनने हेच उचललं आणि हाच ताप सोसला. आमच्या कार्बाइनचं मॅगझिन ३४ चं, राउंड डाव्या-उजव्या दोन्ही ओठांतून येतो, खाली रोलर. त्यामुळे ते असं रुसत नाही.

मॅगझिन मूठ म्हणून धरलं की ते खाचेत डुलतं आणि राउंडचं नाक चुकीच्या जागी येतं. डावा हात मॅगझिनच्या खाचेवर किंवा तिच्या मागच्या काळ्या बॅकेलाइटच्या (जुन्या कडक प्लॅस्टिकच्या) भागावर. नळीकडे नको, भाजेल. आणि ३२ भरू नका, २८ पुरेत.

ओहायोकर

नातू मॅगझिन धरूनच चालवतो. मीही तसंच धरलं होतं. 🙈

बॅकेलाइट कशाने पुसायचं?

टेक्सासवाला_अण्णा

तेलाचं बोट लावलेल्या मऊ फडक्याने, बस. नखांचं पॉलिश काढायचं अॅसिटोन वगैरे जवळ आणू नका. बाहेरचा जुना निळा रंग उडालाय म्हणून नवा चढवायचा विचारही नको. दस्त्याची घडी खिळखिळी असेल तर ते बहुतेक सगळ्यांचंच असतं, मनावर घेऊ नका.

ओहायोकर

अहवाल देतो, तीन आठवडे झाले.

नेहमीच्या ताकदीची स्प्रिंग आली. घडीची नळी स्वच्छ, पातळ तेलाचा हात. बोल्ट सुळकन सरकतो, पोचा नाही. सिअरची धार इथल्या परवानाधारक कारागिराने आजोबांसमोर भिंगातून बघितली, ठीक आहे म्हणाला. बोल्टचा नंबर जुळतो, म्हणून तो आता कपाटात, आणि चालवायला दुसरा आणलाय.

शेतावर जपून सुरुवात केली: मॅगझिनमध्ये फक्त दोन राउंड. पळाली तरी दोनच पळतील. मग तीन, मग पाच. १२४ ग्रेन. पुंगळ्या आता उजवीकडे चार-पाच पावलांवर पडतात. मग मुद्दाम तीच जुनी स्वस्त ११५ घालून बघितली, पुन्हा दोन-दोन करत. पळाली नाही, पण पुंगळ्या पुन्हा जवळ आल्या. ती उरलेली पेटी आता पिस्तुलासाठी.

एकूण १६० राउंड. पाच वेळा अडकली, पाचही वेळा एकाच मॅगझिनमध्ये. चारही मॅगझिनवर मी खडूने आकडे घातले होते, त्यातलं तीन नंबर. व्हर्नियर लावला तर त्याचे ओठ बाकी तिघांपेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फाकलेले.

सुभेदार_निवृत्त

शाब्बास. तीन नंबरचे ओठ पक्कडीने दाबू नका, चिरतील.

ओहायोकर

दाबणार नव्हतोच. आजोबांनी ते हातात घेतलं, बुडाशी कोरलेली दोन अक्षरं दाखवली. त्यांच्या वडिलांची आद्याक्षरं, खिळ्याने कोरल्यासारखी. किटबॅगेतून आलेलं ते मॅगझिन हेच, बाकीची तीन नंतर विकत घेतलेली. आता ते खिडकीत, कॉफीच्या डब्याशेजारी उभं आहे.

कोथरूडची_मावशी

बंदुका मला अजूनही आवडत नाहीत. पण पुढच्या वेळी आजोबांना इटलीचं विचारून इथे लिहा.